पहिली निर्यात (भाग ७) : कंटेनरच्या मालाला एफओबी भाव का देऊ नये

परदेशी ग्राहकाला पहिला भाव कळवताना आपल्याकडचा नवा निर्यातदार सवयीने ‘एफओबी न्हावा शेवा’ लिहून मोकळा होतो. बाजारात तोच शब्द कानावर पडतो, कस्टम हाउस एजंटही तोच वापरतो, त्यामुळे त्यावर कुणी थांबून विचार करत नाही. माझं म्हणणं असं, की माल कंटेनरमधून जाणार असेल तर एफओबी न लिहिता एफसीए लिहावं, म्हणजे ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराला माल सोपवला की विक्रेत्याची जोखीम संपते. भावातला फरक किरकोळ असतो. खरा फरक कळतो तो माल खराब झाल्यावर, आणि तेव्हा तो थोडाथोडका नसतो.

समजा, जुलैमध्ये सांगलीहून वीस फुटी कंटेनरमधून हळकुंडं निघाली आहेत. जाणता माणूस माल भरण्याआधी रिकाम्या कंटेनरमध्ये शिरतो, दारं बंद करून घेतो आणि अंधारात छताकडे बघतो. कुठे उजेडाचा ठिपका दिसला की तिथून पाणीही येणार, म्हणून तो कंटेनर परत पाठवतो. मग पोती रचली जातात, सील लागतं, भरलेल्या कंटेनरच्या वजनाचा व्हीजीएम दाखला जातो आणि ट्रेलर टर्मिनलच्या गेटवर पोचतो. तिथे सीलचा नंबर आणि बाहेरून दिसणारे पोचे, भोकं यांची नोंद होते. इथून पुढे कंटेनर यार्डात, भर पावसात, जहाजाची वाट बघत उभा. आता निर्यातदाराला त्याला हातही लावता येत नाही. तरी एफओबीच्या करारात जोखीम त्याचीच, कारण इनकोटर्म्स २०२० या व्यापारी अटींच्या नियमांनुसार माल जहाजावर चढेपर्यंत नुकसान विक्रेत्याच्या माथी असतं. ठरलेल्या वेळी जहाज आलं नाही तर जोखीम ग्राहकाकडे जाते हे खरं, पण त्यासाठी करारात तारीख किंवा मुदत स्पष्ट असावी लागते आणि पहिल्या सौद्यात तिकडे कुणाचं लक्ष नसतं. जून २०१७ मध्ये मर्स्क या जहाज कंपनीवर सायबर हल्ला झाला तेव्हा न्हावा शेवा बंदरातल्या तिच्या गटाच्या टर्मिनलचं कामही विस्कळीत झालं होतं. यार्डातला मुक्काम लांबायला असं काहीही कारण पुरतं.

माझ्या मते याहून मोठा मुद्दा पुराव्याचा आहे. क्रेन बंद पेटी उचलते तेव्हा आतला माल कोरडा आहे की ओला, हे कुणी बघत नाही. ग्राहकाने दार उघडलं आणि हळकुंडांवर बुरशी दिसली, तर पाणी यार्डात शिरलं की भर समुद्रात, हे कशाच्या जोरावर सांगणार? नोंद झाली ती गेटवर. मग जबाबदारीही गेटवरच बदलावी, म्हणजे वादाला निदान एक कागद तरी आधाराला राहतो. पॅरिसची इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स इनकोटर्म्सचे नियम बनवते आणि कंटेनर टर्मिनलवर सोपवायचा असेल तर एफओबी योग्य नाही, एफसीएचा विचार करा, असं तीच सांगते. सुटी साखर थेट जहाजाच्या पोटात ओतली जाते तेव्हा मात्र एफओबी अगदी रास्त, कारण तिथे सोपवणं आणि चढवणं एकच असतं.

‘पण शिपिंग बिलात एफओबीच लागतं ना?’ असा प्रश्न येतो. लागतं ते एफओबी मूल्य. ड्रॉबॅकसारखे हिशेब त्यावर होतात. ग्राहकाशी जोखमीचा करार कोणता करायचा, हे कस्टम्स ठरवत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एलसी (बँकेचं पतपत्र) असेल तर बँक माल जहाजावर चढल्याची नोंद असलेलं बिल ऑफ लेडिंग मागते आणि एफसीएत ते आपोआप मिळत नाही. त्यासाठी २०२० च्या आवृत्तीत सोय केली आहे. ग्राहकाने वाहतूक कंपनीला तसं बिल विक्रेत्याला द्यायला सांगावं, असं करारात ठरवता येतं. तरी एक फट उरतेच. माल यार्डातच नष्ट झाला तर असं बिल निघणारच नाही आणि पैसे एलसीबाहेर, करारावर बोट ठेवून ग्राहकाकडे मागावे लागतील. म्हणून गोदामापासून जहाजापर्यंतचा विमा आपण वेगळा काढावा. ग्राहक एफओबीवरच अडून बसला तर हा विमा हवाच हवा. ईसीजीसीची पॉलिसी इथे कामाची नाही. ती ग्राहकाने पैसे बुडवले तर उपयोगी, माल भिजला तर नाही.

भावपत्रात ठिकाण मोघम ठेवू नका. ‘एफसीए, न्हावा शेवा’, पुढे टर्मिनलचं नाव, पुढे ‘इनकोटर्म्स २०२०’ असं पूर्ण लिहा. ‘एफसीए सांगली, आमचं गोदाम’ लिहिलंत तर अर्थ पार बदलतो: ट्रेलर ग्राहकाने पाठवायचा, त्यावर माल तुम्ही चढवायचा आणि तिथेच तुमची जोखीम संपते. बिल ऑफ लेडिंगची मूळ प्रत कुणाच्या हाती राहावी, ते पुढच्या आठवड्यात.