चार तारांवरचा भैरव

पाश्चात्त्य संगीतात ‘डबल हार्मोनिक’ नावाची एक स्वरमालिका आहे. ‘गूढ’, ‘पौर्वात्य’ अशा विशेषणांनी तिचा उल्लेख होतो. डिक डेल यांनी १९६२ मध्ये गिटारवर वाजविलेल्या ‘मिसिर्लू’ या धुनेने तिला मोठी लोकप्रियता दिली. आपल्या कानांना मात्र ती मुळीच परकी नाही. ऋषभ व धैवत कोमल, बाकीचे स्वर शुद्ध; म्हणजे हा तर आपला भैरव थाट! कर्नाटक संगीतात हेच स्वर मायामाळवगौळ रागाचे असून दक्षिणेतील मुलांचे पहिले धडे त्याच रागात होतात.

हे स्वर युकुलेलेवर शिकणे सोपे आहे. १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून हवाई येथे आलेल्या मजुरांच्या छोट्या तंतुवाद्यांतून हे वाद्य घडले. त्याच्या चार तारा जी, सी, ई, ए अशा लावतात. सी तार मोकळी छेडली की षड्ज. तिच्या पहिल्या पडद्यावर कोमल ऋषभ. ई तार मोकळी म्हणजे गंधार. पहिल्या पडद्यावर मध्यम, तिसऱ्यावर पंचम, चौथ्यावर कोमल धैवत. ए तारेच्या दुसऱ्या पडद्यावर निषाद आणि तिसऱ्यावर वरचा षड्ज. झाले सप्तक पूर्ण!

आता कॉर्ड. ए तारेचा तिसरा पडदा दाबून बाकी तारा मोकळ्या ठेवल्या की सा-ग-प, अर्थात सी मेजर. तोच आकार एक पडदा पुढे सरकविला, म्हणजे ए तार चौथ्या व उरलेल्या तिन्ही पहिल्या पडद्यावर, की कोमल रे, म आणि कोमल ध एकत्र वाजतात. या दोन कॉर्ड आलटून पालटून वाजविताच थाटाचा रंग उमटतो. जी आणि ई पहिल्या पडद्यावर, सी मोकळी, ए तिसऱ्यावर. ही तिसरी कॉर्ड एफ मायनर.

तथापि थाट हाती आला म्हणजे राग आला असे नव्हे. भैरवाचे ऋषभ आणि धैवत आंदोलित असतात. पडद्यावरचा स्वर मात्र जागचा हलत नाही. नायलॉनची आखूड तार आडवी ओढली तरी तो जेमतेमच सरकतो. यावर उपाय आपल्या गळ्यात आहे. सा-ग-प ची कॉर्ड छेडत राहावे आणि कोमल ऋषभ आंदोलनासह स्वतः गावा. भैरव हा प्रातःकाळचा राग. कार्यालयात निघण्यापूर्वीची पंधरा मिनिटे या रियाजाला पुरेशी आहेत.