पुस्तकातील चित्राचे वाचन : फ्रेंच चित्रकारांची काही उदाहरणे

पाठ्यपुस्तकात चित्र घालतात ते पान शोभिवंत दिसावे म्हणून, असा समज अद्याप पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. पाठ सुरू होताच शिक्षक मजकुराकडे वळतात. मुलाची दृष्टी मात्र चित्रावरच खिळलेली असते, आणि त्याचे लक्ष नाही असा शेरा त्याला मिळतो. वस्तुतः ते मूल त्या वेळी वाचतच असते. हे वाचन डोळस कसे करावे ह्यासाठी फ्रान्समधील ग्रंथचित्रकारांची परंपरा फार उपयुक्त आहे. कारण एकच कथा निरनिराळ्या हातांनी कशी निरनिराळी रेखाटली, हे तेथे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

ह्या कथाही आपणांस सर्वस्वी परक्या नाहीत. सतराव्या शतकातील कवी ला फोंतेन ह्याने १६७८ साली काढलेल्या आपल्या दुसऱ्या नीतिकथासंग्रहाच्या प्रारंभी पिल्पे नावाच्या भारतीय ज्ञान्याचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. पंचतंत्र पहलवी व अरबी भाषांतून प्रवास करीत युरोपात पोचले, तेच हे पिल्पेचे भांडार. काठी तोंडात धरून उडणारे बडबडे कासव ला फोंतेनकडेही आहे. हंसांच्या जागी तेथे बदके आहेत, इतकेच.

ह्याच कवीची गाणारा कीटक आणि मुंगी ह्यांची कथा घ्यावी. ग्रांव्हील ह्या चित्रकाराने १८३८ च्या आवृत्तीत कीटक कीटकच ठेवले, परंतु त्यांस माणसांचे कपडे चढविले व गाणाऱ्याच्या हाती गिटार दिली. पाहणारा हसतो आणि निवाडा मुंगीच्या बाजूने देतो. पुढे सुमारे तीस वर्षांनी गुस्ताव दोरे ह्याने तीच कथा रेखाटली, तेव्हा कीटक पार नाहीसे झाले. बर्फात गिटार घेऊन उभी असलेली एक निराधार तरुणी, दारात हाती विणकाम असलेली गृहिणी, आणि तिची लेकरे. आता निवाडा तितका सोपा राहत नाही. कथेतील एक शब्दही बदललेला नाही; बदलले ते चित्र. तात्पर्य मुलांकडून घोकून घेण्यापूर्वी ही दोन चित्रे वर्गापुढे ठेवली, तर चर्चा आपोआप उभी राहील.

ह्याच शतकात, १८३७ ते १८३९ च्या सुमारास, लाहोरच्या इमाम बक्ष ह्या चित्रकाराकडूनही फ्वीये द काँश ह्या फ्रेंच संग्राहकाने ला फोंतेनच्या कथांवर चित्रे काढवून घेतली. भारतातून गेलेल्या काही कथा अशा रीतीने भारतीय कुंचल्याकडे परत आल्या.

दोरेचा जन्म १८३२ सालचा, स्त्रासबूर येथील. दान्ते, 'दोन किहोते', बायबल अशा थोर ग्रंथांवर त्याने चित्रे काढली व १८८३ साली तो मरण पावला. त्याच्या चित्रांतील काळोख आणि उजेड कोठून येतो, हे समजून घेण्यासारखे आहे. बॉक्सवुड ह्या अतिशय घट्ट लाकडाचा आडवा छेद घेऊन त्याचे लहान ठोकळे जोडीत. दोरे त्या गुळगुळीत पृष्ठावर थेट चित्र काढी. मग कोरक्या पोलादी हत्याराने पांढरे राहावयाचे तेवढे कोरून काढी. उरलेल्या उंच भागावर शाई लागे. कोरताना मूळ चित्र अर्थातच नष्ट होई. म्हणून चित्राचे अर्धे श्रेय त्या कोरक्याचे. दोरेच्या अनेक चित्रांत एका कोपऱ्यात त्याची सही व दुसऱ्या कोपऱ्यात पिसाँसारख्या कोरक्याची सही आढळते. मुलांना ती शोधावयास सांगावे. कारागिराचे नाव असे मानाने छापलेले पाहणे, सुतार-लोहारांच्या मुलांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

पेरोच्या परीकथांवरील १८६२ सालच्या ग्रंथात लाल टोपीवाल्या मुलीचे एक चित्र आहे. बिछान्यात आजीची टोपी घालून लांडगा पडला आहे. शेजारी मुलगी पांघरूण अंगाशी ओढून तिरक्या नजरेने त्याच्याकडे पाहत आहे. तिला कळले आहे की नाही? वर्गास हाच प्रश्न विचारावा आणि उत्तर देण्याची घाई करू नये. काही मुले 'कळले' म्हणतील, काही 'नाही' म्हणतील. दोघांसही चित्रातील पुरावा दाखविण्यास सांगावे. डोळे, हात, पांघरुणाच्या चुण्या. भाषेच्या तासाला ह्याहून चांगला तोंडी अभ्यास क्वचितच मिळेल. दोरेच्या चित्रांवर आता स्वामित्वहक्क उरलेला नाही. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गॅलिका' ह्या संकेतस्थळावर त्याचे ग्रंथ विनामूल्य पाहता येतात.

विसाव्या शतकात चित्र मजकुराची सोबत सोडून पुढे आले. १९३१ साली पॉल फोशे ह्याने 'पेर कास्तोर' ही स्वस्त व पातळ चित्रपुस्तकांची माला सुरू केली. त्याच वर्षी जां द ब्रुनॉफ ह्याचा हत्ती 'बाबार' अवतरला. त्याची कथा मूळची चित्रकाराच्या पत्नीने आपल्या मुलांस सांगितलेली. मोठी पाने, सपाट प्रसन्न रंग, हस्ताक्षरासारखा मजकूर ही त्याची वैशिष्ट्ये. मात्र हत्तींनी शहरी पोशाख केला म्हणजे ते सुधारले, ह्या कल्पनेत त्या काळच्या साम्राज्यवादी फ्रान्सची छाया आहे अशी टीका झाली आहे, व ती रास्त आहे.

स्त्रासबूरचाच दुसरा सुपुत्र तोमी उंगेरेर (१९३१–२०१९). त्याच्या १९६१ सालच्या 'तीन दरोडेखोर' ह्या पुस्तकात निळी रात्र आणि उंच काळ्या टोप्या ह्यांवाचून फारसे काही नाही, तरी भीती आणि माया दोन्ही पुरेपूर आहेत.

आजच्या चित्रकारांपैकी एर्व्हे त्युले ह्याने तर प्राणी व माणसे दोन्ही वगळली. त्याच्या २०१० सालच्या पुस्तकात आरंभी केवळ एक पिवळा ठिपका आहे. तो दाबा म्हणून सूचना येते. पान उलटावे तो दोन ठिपके! पुस्तक कागदाचेच, किमया मुलाच्या कल्पनेची. हा खेळ पहिलीच्या वर्गात फळ्यावर रंगीत खडूने सहज करता येईल. ठिपके वाढविण्याचे काम मात्र मुलांनी डोळे मिटलेले असतानाच करावे, आणि ठिपका दाबण्याची पाळी मागच्या रांगेपासून सुरू करावी.