ट्रेलर ओढणारी पिकअप गाडी आणि गिअरबॉक्सचे तापमान : एका सूचकाची मीमांसा

या पत्रिकेच्या वाचकांस वरील शीर्षक पाहून थोडा अचंबा वाटणे स्वाभाविक आहे. भाषाशास्त्राच्या विभागीय पत्रिकेत ध्वनी, रूप आणि अर्थ यांची चर्चा व्हावी, मोटारीच्या गिअरबॉक्समधील तेलाची नव्हे, अशी तक्रार कोणी केली तर ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि चिन्ह आणि अर्थ यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्याने केवळ शब्दांपाशी थांबावे असा काही दंडक नाही. आपले नैयायिक पर्वतावरील धुराची चर्चा इतक्या आवडीने करीत आले, ती पर्वताच्या प्रेमाने नव्हे. दिसणाऱ्या वस्तूवरून न दिसणाऱ्या वस्तूचे ज्ञान कसे होते, आणि ते केव्हा फसते, हा त्यांचा प्रश्न होता. अमेरिकेत पिकअप गाडीमागे ट्रेलर जोडून डोंगर चढणाऱ्या चालकापुढे, डॅशबोर्डावरील एका लहानशा काट्याच्या रूपाने, नेमका तोच प्रश्न उभा असतो. तेथे अनुमान चुकले तर वादात हार होत नाही. गिअरबॉक्स जळतो, आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च हजारो डॉलरांच्या घरात जातो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. घाटात बॉनेट उघडून उभी असलेली मालमोटार आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तेथे तापलेले असते ते इंजिन आणि उकळत असते ते रेडिएटरमधील पाणी. येथे ज्या तापमानाचा विचार करावयाचा ते निराळे आहे. अमेरिकेतील बहुसंख्य पिकअप गाड्यांना पायाने दाबावयाचा क्लच नसतो; इंजिनाची शक्ती चाकांकडे जाताना ‘टॉर्क कन्व्हर्टर’ नामक एका बंद, तेलाने भरलेल्या भांड्यातून जाते. त्यात एक पंखा इंजिनाबरोबर फिरतो, तेलाला गती देतो, आणि ते तेल समोरच्या दुसऱ्या पंख्यास फिरविते. या दोहोंत धातूचा सांधा नसतो. म्हणून दुसरा पंखा पहिल्याच्या मागे पडतो, आणि जितका मागे पडतो तितकी शक्ती तेल घुसळण्यात जाऊन तिची उष्णता होते. सपाट रस्त्यावर, एका ठरावीक वेगानंतर, एक अंतर्गत क्लच हे दोन्ही भाग एकमेकांस जखडून टाकतो, आणि घसरण थांबते. पॅकार्ड कंपनीने १९४९ मध्येच अशी योजना केली होती. ती सार्वत्रिक झाली मात्र १९७८ नंतर, इंधन महाग झाल्यावर.

चढावर ट्रेलर मागे असता काय घडते, याचा एक स्थूल हिशेब मांडून पाहणे बोधप्रद होईल. गाडी आणि ट्रेलर मिळून ६,००० किलो वजन धरू. १०० फुटांस ५ फूट असा चढ ताशी ६५ किलोमीटर वेगाने चढावयाचा, तर केवळ वजन वर उचलण्यास सुमारे ५३ किलोवॅट शक्ती लागते. वाऱ्याचा अडथळा आणि चाकांचे घर्षण यांसाठी आणखी वीस-बावीस किलोवॅट धरले, तर बेरीज ७५ च्या आसपास जाते. आता कन्व्हर्टर जखडलेला नाही आणि त्याची कार्यक्षमता ८५ टक्के आहे असे मानले, तर सुमारे १३ किलोवॅट शक्ती तेलात उष्णतेच्या रूपाने उतरते. घरातील स्नानाचे पाणी तापविणारे साधारण सहा गीझर एकदम चालू ठेवल्यासारखे हे आहे. आणि तापवावयाचे तेल अवघे दहा-बारा लिटर! त्यातून उष्णता बाहेर नेण्याची काहीच सोय नसती, तर ते दर दीड सेकंदास सुमारे एक अंश सेल्सिअसने तापले असते. प्रत्यक्षात गिअरबॉक्सची धातू काही उष्णता शोषून घेते आणि पुढे बसविलेला कूलर पुष्कळशी वाऱ्यावर सोडतो, म्हणून वाढ मंद असते. पण ती सेकंदा-मिनिटांत मोजावयाची वस्तू आहे, तासांत नव्हे, एवढे या आकड्यांवरून ध्यानी यावे.

हे तेल केवळ वंगण नसते. तेच शक्ती वाहून नेते, तेच आतील क्लचपट्ट्यांना दाब पुरविते, तेच त्यांना थंड ठेविते. ते फार तापले की त्याचे ऑक्सिडीकरण होते, रोगणासारखा थर धरतो, रबरी सीले कडक होतात, दाब गळू लागतो, पट्ट्या घसरू लागतात. आणि घसरण म्हणजे पुन्हा उष्णता. हे चक्र एकदा सुरू झाले की ते सहसा आपोआप थांबत नाही.

आता चिन्हाकडे वळू. चालकाला तेल दिसत नाही. दिसतो तो काटा. पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने चिन्हांचे जे तीन वर्ग केले, त्यांपैकी ‘सूचक’ या वर्गात हा काटा मोडतो. सूचकाचा आपल्या अर्थाशी संबंध संकेताने नव्हे, तर कार्यकारणाने जोडलेला असतो. तेल तापते, म्हणून तेलात बुडविलेल्या संवेदकाचा विद्युत्-रोध घटतो, म्हणून काटा हलतो. ही शृंखला अखंड असती तर या लेखास कारणच उरले नसते. परंतु तिच्यात माणसाने दोन-तीन ठिकाणी हात घातलेला आहे, आणि तेथे तेथे हा सूचक हळूहळू संकेताचे रूप घेतो.

पहिला हस्तक्षेप स्थानाचा. ‘गिअरबॉक्सचे तापमान’ असा शब्दप्रयोग आपण एकवचनी करतो आणि त्यामुळे एक भ्रम उत्पन्न होतो. असे एकच एक तापमान अस्तित्वात नाही. कन्व्हर्टरमधून निघून कूलरकडे जाणाऱ्या नळीत तेल सर्वांत उष्ण असते, कूलरमधून परतणाऱ्या नळीत ते सर्वांत थंड असते, आणि तळाच्या पात्रात, ज्याला आपले मेकॅनिक ‘चेंबर’ म्हणतात, ते या दोहोंचे मिश्रण असते. कारखान्यात बसविलेला संवेदक बहुधा या तळाच्या पात्रात किंवा त्याच्या लगत असतो; काही गाड्यांत तो बाहेर जाणाऱ्या नळीवर असतो. चढ लागताच नळीतील तापमान झपाट्याने वर जाते, चेंबरमधील मात्र मागाहून, रेंगाळत चढते. दोन चालकांपैकी एक म्हणतो, माझे तेल ९५ अंशांवर आहे. दुसरा म्हणतो, माझे १२० वर आहे. आणि दोघांच्या गिअरबॉक्सची अवस्था सर्वस्वी सारखी असू शकते. शब्द एक, निर्देश दोन. आपल्या वर्गात अनेकार्थतेची उदाहरणे आपण नेहमी कोशातून काढतो. हे त्याहून महाग उदाहरण आहे.

दुसरा हस्तक्षेप अधिक सूक्ष्म, आणि माझ्या मते अधिक आक्षेपार्ह आहे. अनेक गाड्यांत काटा तापमानाच्या प्रमाणात हलतच नाही. तेल पुरेसे तापले की काटा मध्यावर येतो, आणि पुढे पुष्कळ अंशांच्या टापूत तो तेथेच स्थिर राहावा अशी योजना केलेली असते. त्या टापूबाहेर गेल्यावरच तो एकाएकी लाल भागाकडे झेपावतो. काटा थोडा हलला की धास्तावलेले ग्राहक दुरुस्तीच्या दुकानाकडे धाव घेतात, ही त्यामागील अडचण समजण्याजोगी आहे. पण परिणाम असा होतो की काटा ‘तेल अमुक इतके तापले आहे’ असे सांगेनासा होतो आणि ‘काळजी नसावी’ असे सांगू लागतो. पहिले विधान वस्तूविषयी आहे, दुसरे चालकाच्या मनःस्थितीविषयी.

येथे नैयायिकांचे एक जुने उदाहरण फार उपयोगी पडते. धुरावरून अग्नीचे अनुमान निर्दोष आहे. परंतु धूर नाही म्हणून अग्नी नाही, असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. म्हणजे व्याप्ती एकाच दिशेने चालते. लाल दिवा लागला असता तेल अतितप्त आहे असे मानण्यास हरकत नाही. दिवा लागला नाही म्हणून तेल थंड आहे, हे अनुमान मात्र सव्यभिचार हेतूवर उभे आहे. ट्रेलर ओढणारे कित्येक चालक नेमके हे दुसरे अनुमान करीत असतात. त्यांची गाडी त्या लोखंडाच्या गोळ्यासारखी असते.

यावर उपाय म्हणून अनुभवी मंडळी काट्याऐवजी आकडा पाहतात. काही गाड्यांत तो डॅशबोर्डाच्या पडद्यावरच मागविता येतो. इतरांत गाडीतील संगणकाशी एक लहान वाचक-यंत्र जोडावे लागते. १९९६ सालापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारी व हलक्या मालमोटारी यांना चालकाच्या पायांपाशी एक समान जोडणी असणे बंधनकारक झाले, आणि तिच्यावरून प्रश्न विचारण्याची एक सामायिक भाषाही ठरली. उदाहरणार्थ, इंजिनाच्या शीतक द्रवाचे तापमान विचारण्यासाठी ०५ हा क्रमांक पाठवावयाचा. उत्तरादाखल ० ते २५५ यांमधील एक संख्या येते. तीतून ४० वजा केले की सेल्सिअस अंश मिळतात. १३० उत्तर आले तर तापमान ९०. संख्या खरी असते, पण किल्ली हाती नसेल तर ती निरर्थक आहे. गंमत अशी की ज्या तापमानाची ट्रेलरवाल्यास सर्वांत निकड, ते गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान त्या मूळ सामायिक शब्दसंग्रहात नव्हते. प्रत्येक कारखानदाराने त्यासाठी आपापला क्रमांक आणि आपापले सूत्र ठरविले. प्रमाणभाषा सर्वांची एक, आणि घरातील नाजूक गोष्टी मात्र ज्याच्या त्याच्या बोलीत! परिणामी वाचक-यंत्रास त्या विशिष्ट कारखान्याची ‘बोली’ शिकवावी लागते. चुकीची शिकविल्यास ते आत्मविश्वासाने चुकीचा आकडा वाचून दाखविते.

या संदर्भात उणे ४० या आकड्याची हकीकत नमूद करण्यासारखी आहे. भर उन्हाळ्यात कधी कधी पडद्यावर उणे ४० दिसते. संवेदकाची तार तुटली की रोध अमर्याद होतो. या संवेदकांत थंडी वाढली की रोध वाढतो. म्हणून संगणक अमर्याद रोधाचा अर्थ शक्य तेवढी थंडी असा लावतो, आणि त्याच्या मोजपट्टीचे खालचे टोक ते सांगतो. सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन्ही पट्ट्या उणे ४० वरच एकमेकींस मिळतात, त्यामुळे कोणत्याही परिमाणात पाहिले तरी आकडा तोच. मौन हेच येथे एक विधान होऊन बसले आहे.

आकडा मिळाला तरी त्याचा अर्थ स्थिर नसतो. अमेरिकन दुरुस्ती-व्यवसायात एक तक्ता फार पूर्वीपासून हातोहाती फिरत आला आहे. १७५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ७९ सेल्सिअसवर, तेल १,००,००० मैल टिकते. १९५ वर ५०,०००. २१५ वर २५,०००. म्हणजे दर २० फॅरनहाइट अंशांगणिक आयुष्य निम्मे. उष्णतेने रासायनिक क्रियेचा वेग वाढतो या तत्त्वाशी तो सुसंगत आहे, आणि जुन्या तेलांपुरता उपयोगीही होता. परंतु नवी संश्लेषित तेले अधिक उष्णता सोसतात. शिवाय गरम तेल पातळ असते आणि ते फिरविण्यास इंधन कमी लागते, म्हणून काही अलीकडच्या गाड्यांत तेल पुरेसे तापेपर्यंत कूलरचा मार्ग बंद ठेवणारी झडपच बसविलेली असते. अशा गाडीत ९५ अंश हा दोष नसून रचनाकाराचा हेतू असतो. जुना तक्ता हाती धरून तिचा मालक घाबरतो, तो आकडा चुकीचा वाचल्यामुळे नव्हे. चिन्ह तेच राहून अर्थ सरकला आहे, हे त्यास कोणी सांगितलेले नसते.

मग चालकाने पाहावे काय? सुट्या आकड्यापेक्षा आकड्यांतील भेद. रिकामी गाडी, सपाट रस्ता, नेहमीची हवा, या स्थितीत आपल्या गाडीचा आकडा कोठे स्थिरावतो हे आधी नोंदवून ठेवावे. पुढे ट्रेलर जोडल्यावर त्या पातळीपासून तो किती आणि किती वेगाने दूर जातो, यातच खरा अर्थ आहे. दहा अंश चढून थांबलेले तापमान आणि तेच दहा अंश एका मिनिटात चढून अद्याप चढत असलेले तापमान, या दोन पूर्णतः भिन्न वार्ता आहेत. दुसऱ्या वार्तेवर उपाय सोपा आहे. ओढण्यासाठी दिलेली खास अवस्था चालू करून गाडी खालच्या गिअरमध्ये आणावी, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढतात आणि कन्व्हर्टर जखडलेला राहतो. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून नवखा चालक बिचकतो, पण त्याच वेळी तेल निवू लागलेले असते.

या सर्वांची कसोटी ॲरिझोना राज्यात, कोलोरॅडो नदीवरील डेव्हिस धरणापासून निघणाऱ्या चढावर होते. अमेरिकन मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने २००८ साली ओढण्याच्या क्षमतेसाठी जे प्रमाण सिद्ध केले, त्यात हा सुमारे ११ मैल लांबीचा आणि सुमारे ३,००० फूट उंचीचा चढ आधारभूत आहे. बाहेर किमान १०० अंश फॅरनहाइट उष्णता, गाडीतील वातानुकूलन पूर्ण चालू, आणि वेग साधारण पिकअपसाठी ताशी ४० मैलांखाली जाता कामा नये. वर मांडलेला ५ टक्क्यांचा हिशेब याच चढाचा होता. त्याच प्रमाणात आणखी एक परीक्षा आहे, तिच्याकडे सामान्यतः कोणाचे लक्ष जात नाही : १२ टक्के चढावर स्थिर अवस्थेतून पाच मिनिटांत पाच वेळा पुढे निघणे, आणि नंतर तसेच पाच वेळा मागे. गाडी जागची हलत नाही आणि इंजिन जोर करते आहे, अशा क्षणी कन्व्हर्टरची कार्यक्षमता शून्य असते आणि सर्वच्या सर्व शक्ती तेलात उष्णता होऊन उतरते. कूलरवर वाराही नसतो. मोठा ट्रेलर चढत्या अंगणात मागे मागे नेणारा गृहस्थ आरशात पाहत असतो, डॅशबोर्डाकडे नव्हे. आणि दिवसभराच्या महामार्गावर जेवढा धोका झाला नसेल, तेवढा घराच्या दारात होऊ शकतो.

चढाच्या माथ्यावर पोचल्यानंतर एक शेवटचा घोटाळा संभवतो. रस्ता सपाट होतो, कन्व्हर्टर जखडला जातो, नळीतील तेल लागलीच निवू लागते. पण ते चेंबरमधील तेलाहून थंड होईपर्यंत चेंबरचा आकडा आणखी थोडा वर सरकत राहतो. संकट टळल्यावर चिन्ह मागाहून येऊन पोचते. घाबरून तेथेच गाडी थांबवून इंजिन बंद करणे हे त्या वेळी अगदी अयोग्य, कारण इंजिन बंद होताच तेलाचे कूलरकडे जाणे थांबते. थांबावयाचेच असेल तर गिअर सोडून, म्हणजे ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’ अवस्थेत, इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे आणि आकडा खाली उतरू लागलेला पाहावा.