गड्डा, सोलापूरचा

गड्डा, सोलापूरचा : महाराष्ट्र राज्यातील सोलापूर शहरी दरवर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास श्रीसिद्धेश्वराच्या यात्रेनिमित्त होम मैदानावर भरणारा उघड्यावरचा बाजार. यात्रेचे मुख्य विधी पाच दिवसांत आटोपतात. बाजार मात्र त्यांच्या आधीच मांडला जाऊ लागतो आणि जानेवारी अखेरीपर्यंत रेंगाळतो. सोलापूरकरांच्या बोलीत ‘गड्डा’ हा शब्द बाजारासाठी, यात्रेसाठी आणि ती जेथे भरते त्या जागेसाठीही सरसहा वापरला जातो. महाराष्ट्राच्या दक्षिण भागातील मोठ्या यात्राबाजारांत त्याची गणना होते. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या जिल्ह्यांतून, तसेच तेलंगण व आंध्र प्रदेशातूनही भाविक आणि गिऱ्हाईक येथे येतात.

यात्रेचे दैवत सिद्धेश्वर किंवा सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील शिवयोगी. सोलापूरचे त्या काळचे नाव सोन्नलिगे. बसवेश्वर व अल्लमप्रभू यांच्या कल्याण येथील शरण परंपरेशी सिद्धरामांचा निकटचा संबंध आला आणि त्यांची कन्नड वचने आजही आदराने वाचली जातात. राघवांक या कन्नड कवीने त्यांचे चरित्रकाव्य रचले आहे. त्यांनी गावाच्या पंचक्रोशीत अडुसष्ट शिवलिंगे स्थापिली आणि लोकांच्या श्रमातून तलाव खोदविला, असे परंपरा सांगते. पर्जन्यछायेच्या या अवर्षणप्रवण प्रदेशात तलाव खोदणारा साधू ग्रामदैवत व्हावा, यात नवल नाही. आजचे सिद्धेश्वर मंदिर याच तलावात असून बहमनी काळातील भुईकोट किल्ला त्याच्या काठाशी आहे. मंदिर, तलाव आणि किल्ल्याचा खंदक यांच्या शेजारी जी मोकळी जागा उरली, तेच होम मैदान.

मैदानाच्या नावाचा उगम यात्रेच्या कथेत आहे. एक कुंभारकन्या सिद्धरामांच्या स्थानापुढे नित्य सडारांगोळी करीत असे. तिने त्यांच्याशी विवाहाची इच्छा दर्शविली. त्यांनी विरक्त वृत्तीस अनुसरून आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुज्ञा तिला दिली आणि विवाहानंतर ती अग्नीत प्रविष्ट झाली, अशी ही आख्यायिका आहे. यात्रेतील विधी या कथेचा क्रमशः पुनरुच्चार करतात. भोगीच्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. यास ‘यण्णीमज्जन’ असे कन्नड नाव असून त्याचा अर्थ तेलाचे स्नान असा आहे. संक्रांतीस तलावाकाठच्या संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा होतो आणि किंक्रांतीस मैदानावर होम पेटविला जातो. होमात बाजरीच्या पेंढीला साडी नेसवून ती कुंभारकन्येचे प्रतीक म्हणून अर्पण करतात. चौथ्या दिवशी शोभेचे दारूकाम, तर पाचव्या दिवशी ‘कप्पडकळी’ म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रे उतरविण्याचा विधी होऊन यात्रेची सांगता होते. नंदीध्वज सात असतात. उंच वेळूच्या या सजविलेल्या काठ्या पांढऱ्या बाराबंदीतील मानकरी तोल सांभाळीत मिरवणुकीने नेतात. यात्रेतील प्रमुख मान हिरेहब्बू घराण्याकडे असला, तरी निरनिराळ्या नंदीध्वजांचे मान लिंगायत माळी, सोनार, मातंग अशा भिन्न समाजांकडे वाटलेले आहेत. मिरवणूक विजापूर वेस या मुस्लिम वस्तीच्या व व्यापाराच्या भागातून जाते.

हे विधी सूर्यसंक्रमणावर बेतलेले असल्यामुळे यात्रेची इंग्रजी तारीख जवळपास स्थिर असते. ही गोष्ट बाजाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. महाराष्ट्रातील बहुतेक यात्रा तिथीनुसार भरतात व अधिक मासामुळे मागेपुढे सरकतात. गड्ड्याचा व्यापारी मात्र पुढील वर्षीची तारीख आजच सांगू शकतो. खेळणी, बांगड्या किंवा भांडी विकणारे अनेक फिरते व्यापारी वर्षभर यात्रांच्या फेऱ्यावर असतात. मार्गशीर्षात म्हसवड, पुढे चैत्रात शिखर शिंगणापूर अशा यात्रांच्या साखळीत संक्रांतीचा गड्डा हा त्यांचा ठरलेला मुक्काम होय. ऋतूही सोयीचा असतो. पावसाची भीती नसते, खरिपाचा माल विकून शेतकऱ्याच्या हाती थोडा पैसा आलेला असतो आणि रब्बीची ज्वारी अद्याप शेतात उभी असते. सोलापूर जिल्हा हा रब्बी ज्वारीचा. येथील मालदांडी वाण प्रसिद्ध आहे. गड्डा भरतो तेच दिवस हुरड्याचे असल्याने पाहुणा एकाच खेपेत दोन्हींचा लाभ घेतो.

बाजाराची मांडणी दरवर्षी नव्याने केली जाते. मैदान महानगरपालिकेचे असून यात्राकाळापुरते ते देवस्थान पंच समितीच्या ताब्यात येते. जागेची आखणी करून व्यापाऱ्यांना गाळे भाड्याने दिले जातात. वेळू, पत्रे, कनाती यांच्या साहाय्याने थोड्या दिवसांत गल्ल्या उभ्या राहतात आणि एकाच प्रकारच्या मालाची दुकाने शक्यतो एकत्र येतात. बांगड्या व मण्यांचे दागिने, स्टीलची व ॲल्युमिनियमची भांडी, पोळपाट-लाटणी, घोंगड्या, लहान मुलांचे कपडे, लाकडी व प्लॅस्टिकची खेळणी, देवादिकांच्या तसबिरी, चुरमुरे, फुटाणे व बत्तासे हा येथील नेहमीचा माल. शहरातील कायम दुकानांत यांपैकी बहुतेक वस्तू मिळत असताना लोक गड्ड्यातच का घेतात, हा प्रश्न सहज पडतो. भाव हे त्याचे एक कारण. गाळ्याचा व्यापारी मर्यादित दिवसांत माल संपवू पाहतो, उरलेला माल वाहून नेणे त्याला परवडत नाही आणि शेवटच्या दिवसांत भाव उतरतात. घासाघीस करणाऱ्या गृहिणींना हे पक्के ठाऊक असते. परंतु भाव हेच कारण पुरेसे नाही. संसाराला लागणारी एखादी वस्तू गड्ड्यातून आणण्याचा प्रघात घराघरांत आहे आणि त्यास यात्रेच्या प्रसादाची छटा आहे.

विक्रीइतकेच महत्त्व करमणुकीला आहे. उंच पाळणे, फिरते घोडे, जादूचे प्रयोग, आरसेमहाल आणि लाकडी फळ्यांच्या गोल विहिरीत मोटारसायकल फिरविणारा ‘मौत का कुआँ’ हे खेळ सायंकाळनंतर रंगतात. विजेचे दिवे, ध्वनिवर्धकांवरून होणारा पुकारा, भज्यांच्या कढया व उसाच्या चरकांचा गलबला यांमुळे रात्रीचा गड्डा दिवसाच्या गड्ड्याहून अगदी निराळा भासतो. पहिल्यांदा येणाऱ्याने तो दोन्ही वेळा पाहावा. मालाची पारख व खरेदी सकाळी निवांत होते, तर गर्दीचे खरे रूप रात्री दिसते. अक्षता व होम या दोन दिवशी मात्र खरेदीचा विचार सोडून देणेच श्रेयस्कर. त्या दिवशी मंदिराकडील रस्ते वाहनांना बंद असतात आणि मैदानावर हलण्यापुरतीही जागा उरत नाही.

गड्ड्याच्या गर्दीचा एक विशेष म्हणजे तिची भाषा. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व दख्खनी उर्दू नित्याच्या व्यवहारात आहेत. १८६० मध्ये लोहमार्ग सोलापूरपर्यंत आला, १८७७ मध्ये शहरातील पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे गिरण्या व हातमाग यांच्या आश्रयाने तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती येथे स्थिरावली. मूळच्या कन्नड संस्कारांच्या यात्रेस अशा रीतीने गिरणगावचा प्रेक्षक लाभला आणि विक्रेता गिऱ्हाइकाच्या पेहरावावरून भाषा ओळखून भाव सांगू लागला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कामगारांची कुटुंबे यंत्रमाग व विडी या धंद्यांकडे वळली. गड्ड्याची गर्दी मात्र ओसरली नाही. कमी मिळकतीच्या कुटुंबाला मुलाबाळांसह एक संध्याकाळ घालविता येईल, अशा जागा या शहरात फारशा नाहीत, हे त्यामागचे कारण दिसते.

प्रसिद्ध सोलापुरी चादर व टेरी टॉवेल यांना २००५-०६ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. जकार्ड मागावर विणलेली, नक्षी दोन्ही बाजूंनी उमटणारी ही चादर बाहेरगावच्या पाहुण्यास गड्ड्यातही आढळेल. परंतु अस्सल व निवडक माल हवा असल्यास जवळच्या चाटी गल्लीतील किंवा कारखान्यांच्या दुकानांची वाट धरणे इष्ट. सोलापुरी या नावाखाली अन्यत्र विणलेला माल सर्रास विकला जातो आणि गड्ड्याच्या झगमगाटात तो ओळखणे सोपे नसते.

यात्रेचाच एक भाग असलेला जनावरांचा बाजार गड्ड्यापासून दूर, विजापूर रस्त्यावरील रेवणसिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात भरतो. सोलापूर, सांगली, सातारा व कर्नाटकाचा लगतचा भाग हे खिलार जातीचे मूळ क्षेत्र असून या बाजारात खिलार बैल व खोंड यांना मागणी असते. दात पाहून वय ठरविणे, उपरण्याखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव करणे इ. जुन्या रीती जनावरांच्या बाजारांत आढळतात. अशा बाजारांतील खाण्याचा एक पदार्थ जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध झाला आहे. निरनिराळ्या डाळी एकत्र शिजवून काळ्या मसाल्याची झणझणीत ‘बाजार आमटी’ करतात आणि ती भाकरी कुस्करून खातात. गावोगावच्या आठवडे बाजारात दूरवरून आलेल्या शेतकऱ्याची भूक थोड्या खर्चात भागविणे, हा तिचा मूळ हेतू होय.

यंत्रांच्या प्रसाराने बैलांची गरज घटली, तेव्हा हा बाजार आकसू लागला. बैलगाडी शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घातलेल्या बंदीमुळे उमद्या खोंडांची किंमत घसरली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मधील निकालाने ती कायम झाली, तसे शौकिनांचे गिऱ्हाईक परतले. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आल्यानंतर भाकड व म्हाताऱ्या बैलांच्या विक्रीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. २०२२ मध्ये लंपी त्वचारोगाच्या साथीत राज्यातील जनावरांचे बाजार काही काळ बंद ठेवावे लागले.

बाजार आणि विधी यांचे नाते ‘भाकणूक’ या प्रकारात सर्वांत स्पष्टपणे दिसते. होमाच्या रात्री, दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्ये, गूळ, खोबरे, विड्याची पाने इ. पदार्थ मांडले जातात आणि वासराच्या हालचालींवरून पुढील वर्षाचे पाऊसपाणी व जिनसांचे भाव यांचे भाकीत केले जाते. वासराने एखाद्या पदार्थास तोंड लावले की त्याच्या भावाची चर्चा सुरू होते. कशासही स्पर्श केला नाही, तर भाव स्थिर राहणार असे मानतात. या भाकिताला शास्त्रीय आधार नाही, हे सांगावयास नको. तथापि पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या मुलखात वर्षाचा पहिला प्रश्न पाऊस व दुसरा भाव हाच असावा, हे स्वाभाविक आहे. भाकणुकीचा निकाल दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून आवर्जून छापला जातो.

मैदानाच्या आसपास शहराच्या आधुनिक इतिहासाच्याही खुणा आहेत. मे १९३० मधील आंदोलनानंतर सोलापुरात लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी, म्हणजे यात्रेच्या ऐन तोंडावर, येरवडा येथे फाशी देण्यात आले. मैदानापासून जवळच या चार हुतात्म्यांचे पुतळे असून यात्रेकरूंची रीघ त्यांच्यावरून जाते.

गड्ड्यापुढील आजचा खरा प्रश्न जागेचा आहे. यात्रा सुरू झाली तेव्हा हे स्थळ गावाबाहेर होते. आता ते दाट वस्तीच्या मधोमध आले आहे. लाखो पावलांनी उडणारी धूळ, ध्वनिवर्धकांचा त्रास, गर्दीत रुग्णवाहिका व अग्निशामक बंब जाण्यासाठी मोकळा रस्ता ठेवणे यांवरून प्रशासन व यात्रेचे आयोजक यांच्यात वेळोवेळी मतभेद झाले आहेत. रस्ता सोडावयाचा म्हणजे गाळ्यांची संख्या घटते आणि भाडे वाढते. ते भाडे शेवटी बांगड्या व फुगे विकणाऱ्या लहान विक्रेत्यांच्या माथी बसते. दुसऱ्या बाजूस, कनातींच्या व कढयांच्या या दाटीत आग लागल्यास काय होईल, ही चिंता अवास्तव म्हणता येत नाही. २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या यादीत सोलापूरची निवड झाल्यावर मैदानाचे सुशोभीकरण करण्यात आले. एरवी फिरावयास व व्यायामास येणाऱ्या नागरिकांना याचा लाभ होतो. परंतु आखीव मैदान आणि खांब रोवल्यावाचून न उभा राहणारा बाजार यांचा मेळ घालणे कठीण ठरते. गड्डा शहराबाहेर हलवावा, अशी सूचना अधूनमधून पुढे येते. होमाची जागा हलविता येत नाही आणि होमावाचून केवळ बाजार अन्यत्र नेल्यास तो तेथे रुजेल, याची खात्री कोणी देत नाही.

करोना साथीच्या काळात या दोहोंची फारकत प्रत्यक्ष पाहावयास मिळाली. २०२१ व २०२२ मध्ये मोजक्या मानकऱ्यांच्या उपस्थितीत धार्मिक विधी पार पडले, पण गड्डा भरला नाही. फिरत्या व्यापाऱ्यांचा वर्षाचा एक मोठा हंगाम सलग दोनदा बुडाला आणि पाळणेवाल्यांची यंत्रे गंजत पडली. २०२३ च्या जानेवारीत मैदानावर पुन्हा गल्ल्या आखल्या गेल्या.