आवृत्ती दरवर्षीची, नोंद कायमची
फुटबॉलच्या व्हिडिओ गेमची तीन दशकं आणि हैदराबादचा एक संघ

20 मार्च 2022. गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर हैदराबाद एफसी आणि केरला ब्लास्टर्स यांच्यात इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना रंगला होता. हैदराबाद एका गोलने मागे होता. 88 व्या मिनिटाला साहिल तावोराने लांबून मारलेला फटका जाळ्यात गेला आणि 1-1 अशी बरोबरी झाली. पेनल्टी शूटआउटमध्ये गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन फटके अडवले आणि हैदराबादने 3-1 अशी बाजी मारत विजेतेपद पटकावलं. तावोरा आणि कट्टीमणी दोघेही गोव्याचे, संघ मात्र हैदराबादचा.

तोवर हा संघ आणखी एका मैदानात उतरलेला होता. ऑक्टोबर 2021 मध्ये बाजारात आलेल्या ‘फिफा 22’ या व्हिडिओ गेममध्ये इंडियन सुपर लीगचे अकराही संघ पहिल्यांदाच त्यांच्या खऱ्या नावांनिशी, जर्सींनिशी आणि बोधचिन्हांनिशी समाविष्ट झाले. ही मालिका सुरू झाल्यापासून भारतीय क्लब फुटबॉलला त्यात जागा मिळायला जवळपास 28 वर्षं लागली.

या मालिकेवरचा ठरलेला आक्षेप असा, की दरवर्षी तोच गेम नवे कपडे घालून येतो आणि तेवढ्यासाठी पूर्ण किंमत मोजावी लागते. आक्षेपात तथ्य आहे. पण सगळ्या आवृत्त्या ओळीने मांडल्या की एक वेगळंच मोल लक्षात येतं. खेळण्याची रीत सावकाश बदलते, खेळाडूंची आणि संघांची यादी मात्र दरवर्षी नव्याने लिहिली जाते. ज्या गावांच्या फुटबॉलकडे जगाचं लक्ष नसतं, त्यांच्यासाठी ही यादी म्हणजे मोठा ठेवा आहे.

पावलं आणि चेंडू

पहिला ‘फिफा इंटरनॅशनल सॉकर’ 1993 च्या डिसेंबरात सेगाच्या कन्सोलवर आला. तो कॅनडातल्या स्टुडिओत इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकी कंपनीने तयार केला होता. तोवरचे फुटबॉल गेम मैदान वरून किंवा बाजूने दाखवत. इथे मैदान तिरकं दिसत होतं आणि त्यामुळे खोलीचा आभास होत होता. देश खरे होते, खेळाडूंची नावं मात्र काल्पनिक. खऱ्या नावांचे हक्क मिळाल्यावर ‘फिफा 96’ पासून चित्र पालटलं आणि पुढच्या आवृत्तीत खेळाडूंच्या आकृत्या त्रिमितीय झाल्या.

‘फिफा 98: रोड टू वर्ल्ड कप’ने विश्वचषकाची अख्खी पात्रता फेरी गेममध्ये आणली. फिफाच्या 172 सदस्य देशांचे संघ त्यात होते, म्हणजे भारतही होता. विश्वचषकाच्या आसपास फिरकायचीही ज्याला संधी नव्हती असा देश घेऊन फ्रान्समधल्या अंतिम स्पर्धेपर्यंत धडक मारायची मुभा घरच्या संगणकावर मिळाली.

पुढच्या दशकात खरा बदल चेंडूच्या वागण्यात झाला. सुरुवातीच्या आवृत्त्यांत चेंडू पायाला जणू चिकटूनच असे. ‘फिफा 10’ मध्ये ड्रिब्लिंगला आठ दिशांचं बंधन उरलं नाही, खेळाडू हव्या त्या कोनात वळू लागला. ‘फिफा 12’ मध्ये दोन देह एकमेकांवर आदळले की त्याचा परिणाम त्या त्या क्षणी मोजला जाऊ लागला आणि बचावासाठी नुसतं बटण दाबून धरणं पुरेनासं झालं. योग्य वेळी पाय घालावा लागे. ‘फिफा 13’ मध्ये चेंडूचा पहिला स्पर्श चुकू लागला. वेगाने आलेला पास निसटतो, आणि तो किती निसटेल हे खेळाडूच्या कौशल्यावर ठरतं. हे बदल वरवर किरकोळ वाटतात, पण खऱ्या मैदानावरचा फुटबॉलही अशाच निसटत्या स्पर्शांनी घडतो.

‘फिफा 16’ मध्ये महिलांचे बारा राष्ट्रीय संघ आले. खरं तर हे फार आधी व्हायला हवं होतं. ‘फिफा 22’ साठी 22 खेळाडूंना सेन्सर लावलेले पोशाख घालून पूर्ण सामना खेळवण्यात आला आणि त्यातून टिपलेल्या हालचालींवरून संगणकाला धावणं-वळणं शिकवण्यात आलं. नव्या कन्सोलवर हे तंत्र मिळालं, पण संगणकावर त्या वर्षी जुनीच रीत राहिली. महागडा कन्सोल न परवडणाऱ्या भारतीय मुलांच्या वाट्याला अर्थात जुनंच आलं.

नावांचे हक्क, पत्त्यांची पाकिटं

या मालिकेला खरी टक्कर दिली ती जपानच्या कोनामीने. 2001 पासून ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर’ या नावाने निघणारा त्यांचा गेम खेळायला सरस आहे, असं त्या काळातले बहुतेक जाणकार सांगत. मात्र त्यांच्याकडे हक्क नव्हते. मँचेस्टर युनायटेड तिथे ‘मॅन रेड’ व्हायचा आणि लिव्हरपूल ‘मर्सीसाइड रेड’. शेवटी नावं बाळगणारा गेम जिंकला. प्रेक्षकाला खेळाइतकंच खेळणाऱ्याचं नाव प्रिय असतं. 2021 मध्ये कोनामीने जुनं नाव सोडलं आणि गेम ‘ई-फुटबॉल’ म्हणून फुकट केला.

दुसरं मोठं वळण पैशाचं. ‘फिफा 09’ मध्ये ‘अल्टिमेट टीम’ हा प्रकार जोडला गेला. खेळाडूंच्या पत्त्यांची पाकिटं उघडायची, नशिबाने मिळतील त्या खेळाडूंचा संघ बांधायचा. पाकिटं गेम खेळून मिळतात, तशी पैसे मोजूनही मिळतात. आत काय निघेल ते आधी कळत नाही. बेल्जियमच्या नियामकाने 2018 मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवलं आणि 2019 च्या जानेवारीत इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला तिथली विक्री थांबवावी लागली. ज्या घरात मुलाच्या हाती आईबाबांचा फोन आणि त्यात पैसे भरायची सोय असते, तिथे हा प्रश्न आपलाही आहे. त्यावर स्पष्ट बोललं पाहिजे.

फिफा ही संघटना आणि कंपनी यांचं ‘फिफा 23’ नंतर बिनसलं. सप्टेंबर 2023 पासून गेम ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ या नावाने निघतो. नाव गेलं, पण 19,000 हून अधिक खेळाडूंची आणि 700 हून अधिक संघांची यादी जागेवर राहिली. मालिकेची खरी मिळकत तीच होती.

यादीत हैदराबाद

हैदराबादला फुटबॉल नवं नाही. सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली घडलेल्या हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. रहीम प्रशिक्षक असताना भारताने 1951 आणि 1962 च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवलं आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथं स्थान. सिकंदराबादच्या तुलसीदास बलरामने 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरीविरुद्ध गोल केला. या माणसांच्या खेळाचं चित्रण फारच थोडं उरलं आहे. बलराम चेंडू कसा वळवायचा हे आता बहुतांशी सांगण्या-ऐकण्यावरच आहे.

हैदराबाद एफसीचा जन्म 2019 चा, आणि तोही महाराष्ट्राशी जोडलेला. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी त्या वर्षी बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली. पुण्याचा संघ 2014 पासून पाच हंगाम खेळला, पण लीगचे हक्क गेमला मिळण्याआधीच संपला. त्यामुळे तो कोणत्याच आवृत्तीत नाही. हैदराबाद मात्र ‘फिफा 22’ मध्ये वेळेवर पोहोचला. पहिल्या हंगामात तळाला राहिलेला हा संघ मानोलो मार्केसच्या मार्गदर्शनाखाली तिसऱ्याच हंगामात विजेता झाला. बार्थोलोम्यू ओग्बेचेने त्या हंगामात 18 गोल केले.

गेममधली ही नोंद परिपूर्ण नाही. प्रत्येक खेळाडूला वेग, नेमबाजी, पासिंग, बचाव असे गुण 99 पैकी दिले जातात. ‘फिफा 22’ मध्ये मेस्सीला 93 होते, तर आपल्या बहुतेक खेळाडूंना पन्नास-साठीतले. बहुतेकांचे चेहरे साच्यातले, आणि गच्चीबावलीचं जीएमसी बालयोगी स्टेडियम गेममध्ये नाही. तरीही हैदराबादची पिवळी जर्सी घालून एखादं पोर युरोपातल्या संघाशी भिडतं, तेव्हा आपल्या शहराचं नाव जगाच्या ओळीत बसलेलं त्याला दिसतं. हे समाधान क्षुल्लक नाही.

विजेतेपदानंतरची घसरण वेगाने झाली. 2023-24 च्या हंगामात आर्थिक चणचणीमुळे खेळाडू सोडून गेले, संघ पुन्हा तळाला गेला. मालकी बदलली आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये क्लब दिल्लीला हलून स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. पुण्याची जागा हैदराबादला, हैदराबादची दिल्लीला. शहराकडे सुपर लीगमधला संघ उरला नाही. उरल्या त्या आठवणी, आकडे आणि गेमच्या काही आवृत्त्या.

जपायचं कुणी?

मात्र आवृत्त्याही टिकाऊ नाहीत. 2023 मध्ये नाव बदलण्याच्या सुमारास कंपनीने जुने ‘फिफा’ गेम डिजिटल दुकानांतून काढून टाकले. काही वर्षांनी त्यांचे ऑनलाइन सर्व्हर बंद होतात. ‘फिफा 22’ आता मिळेल तो बहुतेक कुणाच्या कपाटातल्या डिस्कवर.

आपल्याकडे ग्रंथालयं जुने दिवाळी अंक बांधून ठेवतात, कारण त्या त्या वर्षी लोक काय वाचत होते हे त्यांतूनच कळतं. गेमची आवृत्तीही तशीच ठेवली पाहिजे. एखाद्या क्रीडा संग्रहालयाने, विद्यापीठाने किंवा फुटबॉल संघटनेने डिस्क, चालू स्थितीतला कन्सोल आणि त्या हंगामाची खेळाडूंची यादी एकत्र जपली, तर खर्च फार येणार नाही. रहीमसाहेबांच्या संघाच्या बाबतीत ही संधी कुणालाच नव्हती, कारण तसं साधनच नव्हतं. 2022 च्या विजेत्यांच्या बाबतीत साधन आहे आणि काळही अजून हाताबाहेर गेलेला नाही. आता हा ठेवा गमावला, तर तो केवळ आपल्या हेळसांडीने गमावलेला असेल.