दागिने मोडण्याआधी एक अर्ज

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. मगरिबनंतर आमच्या मोहल्ल्यातील एक भगिनी घरी आल्या. एका हातात रुमालात बांधलेल्या दोन पाटल्या, दुसऱ्या हातात एक कागद. कागद पुण्यातील एका खासगी रुग्णालयाचा होता. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च त्यावर लिहिला होता आणि तो लाखांत होता.

"बाजी, सराफाकडे जायच्या आधी एवढं वाचून द्या. यातलं काही सरकार देतं का?"

त्यांचे वय ४२, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ९८ किलो. मधुमेह जुना, गुडघे कामातून गेलेले. सजदा जमत नाही म्हणून नमाज खुर्चीवर. दावतीत ताटाकडे बघून कोणीतरी हटकून म्हणणार, "आपा, जरा हात आवरा." त्यामुळे त्यांनी दावतीला जाणेच सोडले होते.

आम्ही शाळेत गणित शिकवतो, म्हणून हिशेब करून दाखवला. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. १.५५ गुणिले १.५५ म्हणजे २.४०. ९८ भागिले २.४० म्हणजे ४० च्या थोडे वर. डॉक्टर याला बीएमआय म्हणतात. ४० च्या पुढचा आकडा म्हणजे गंभीर लठ्ठपणा. हा आजार आहे, खादाडपणाची शिक्षा नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले. म्हणजे चार घरांत एक तरी बाजी अशी निघेल.

मग प्रश्न पैशांचा. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी सगळ्या राज्यात आली आणि २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले आणि रेशनकार्डाच्या रंगाची अट गेली. इतके बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते पुढचे. ही योजना उपचारांच्या यादीवर चालते. २०२४ च्या त्या विस्तारात यादीत १३५६ उपचार होते आणि ती वेळोवेळी बदलते. आपल्या शस्त्रक्रियेचे नाव यादीत आहे का आणि आपण निवडलेले रुग्णालय त्या उपचारासाठी योजनेत आहे का, हे दोन्ही पाहावे लागते. त्यासाठी रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याला विचारावे, नाहीतर १५५३८८ या क्रमांकावर फोन करावा. फोन मोफत आहे.

आम्ही त्या भगिनींसोबत गेलो. पहिल्या रुग्णालयात खिडकीवरूनच उत्तर आले, "वजनाचं ऑपरेशन योजनेत इथे होत नाही." त्या लगेच परत फिरल्या. आम्ही म्हटले, थांबा, हेच कागदावर लिहून घेऊ. तोंडी नकार हवेत विरून जातो. लेखी नकार हातात असला की पुढच्या दारावर दाखवता येतो.

पुढचे दार होते धर्मादाय रुग्णालयाचे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. या खर्चासाठी रुग्णालय आपल्या बिलांतील २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवते. इथे आजारांची यादी आडवी येत नाही, उत्पन्नाचा दाखला पाहतात. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला भेटून अर्ज द्यायचा असतो.

घरात कोणाचा खासगी आरोग्य विमा असेल, तर तो कागदही काढून वाचावा. विमा नियामकांच्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असेल आणि साधे उपाय करूनही वजन हटले नसेल, तर ही शस्त्रक्रिया सरसकट वगळता येत नाही. वय १८ पूर्ण हवे आणि सल्ला डॉक्टरांचा हवा. शिक्षक आणि सरकारी कर्मचाऱ्यांनी मात्र प्रतिपूर्ती मिळेलच असे धरून चालू नये. १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयात २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजार आहेत. त्या पाचांत वजनाची शस्त्रक्रिया नाही. आधी कार्यालयात लेखी विचारावे.

काही घरांत आखातातील भाऊ फोनवर सांगतो, "परदेशात स्वस्तात होतं, मी पैसे पाठवतो." आपली राज्य योजना परदेशातील रुग्णालयाचे बिल भरत नाही. ब्रिटनसारख्या देशात सरकारी खर्चाने युरोपातील दुसऱ्या देशात उपचार घेण्याची सोय आहे, पण तिथेही अर्ज आधी आणि मंजुरी हातात आल्यावर प्रवास. आपल्या योजनेचेही तेच आहे. आधी पूर्वमंजुरी, मग शस्त्रक्रिया. पैसे भरून नंतर मागायला गेलो, तर हात हलवत परतावे लागते.

उलट, परदेशातून लोक आपल्याकडे येतात. ११ फेब्रुवारी २०१७ रोजी इजिप्तच्या एमान अहमद मालवाहू विमानाने मुंबईत आल्या आणि चर्नी रोडच्या सैफी हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्या. त्यांच्या व्हिसासाठी तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी लक्ष घातले होते. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात त्यांना अबुधाबीला हलवले आणि २५ सप्टेंबरला तिथेच त्यांचे निधन झाले. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. त्यांची अवस्था फारच बिकट होती, तिची तुलना आपल्या घरातल्या कोणाशी करू नये. पण शस्त्रक्रिया म्हणजे जादू नव्हे, एवढे त्यावरून ध्यानात ठेवावे. स्लीव्ह नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात. पुढे आयुष्यभर थोडे थोडे खावे लागते, जीवनसत्त्वे घ्यावी लागतात, तपासण्या कराव्या लागतात. रोजे कधी सुरू करायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आजारी माणसाला सवलत कुरआनमध्येच आहे, तिचा संकोच कशाला?

आता कागदांविषयी, कारण आमचे घोडे तिथेच अडले. त्या भगिनींच्या रेशनकार्डावर नावापुढे 'बी', आधारवर 'बेगम'. एकीकडे आडनाव 'शेख', दुसरीकडे 'शैख'. दुरुस्तीत तीन आठवडे गेले. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जुना निघाला, तो नवा काढावा लागला. आजार दाराशी येण्याआधी ही कामे करून ठेवावीत. रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, जुन्या तपासण्यांचे कागद आणि वजन कमी करण्यासाठी आजवर काय काय केले याची तारखांसह नोंद, हे सारे एका फाइलीत ठेवावे.

शेवटी समाजसेवकांनी अर्ज ठेवून घेतला. डॉक्टरांनी सांगितले, आधी तीन महिने साखर आटोक्यात आणा, मग तारीख देतो. त्या आता आहार सांभाळतात आणि फजरनंतर अंगणात चालतात. परवा त्यांच्या सुनेने आम्हाला सांगितले, "बाजी, आता घरात अम्मींना कोणी टोमणा मारत नाही. अर्जावर आजाराचं नाव वाचल्यापासून सगळे गप्प झाले."

तारीख अजून मिळायची आहे. अर्ज मंजूर होईल की नाही, तेही अजून कळायचे आहे. पण त्या पाटल्या मोडल्या नाहीत. कपाटात रुमालात तशाच आहेत.