जामीनदाराचा जामीनदार

२०२३चा दसरा तोंडावर आला होता. अकोल्यात कापसाच्या गाड्या जिनाच्या फाटकाशी लागू लागल्या होत्या आणि नेमका तेव्हाच एका जिनातला वजन-पावतीचा प्रोग्राम बंद पडला. तो लिहिणारा माझा भाचा. अमरावतीला मला फोन आला, "मामा, म्या तं एका अक्षरालेही हात नाई लावला! फक्त नव्या मशीनवर टाकला."

"मी काहीच केलं नाही" हे वाक्य ऐकले की बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला आधी संशय येतो. पण पोरगा खरे बोलत होता.

वेबवरचा प्रोग्राम हल्ली कोणी पायापासून बांधत नाही. फ्लास्क, जँगो अशा मुक्त-स्रोत चौकटी फुकट मिळतात. त्यांवर आपले काम चढवायचे. भाच्याने फ्लास्कची २.२.२ ही आवृत्ती नेमून दिली होती. मात्र फ्लास्क स्वतः 'वर्कझॉइग' या दुसऱ्या संचावर उभी आहे (जर्मन शब्द, अर्थ अवजार), आणि तिच्या कागदावर एवढेच लिहिलेले : वर्कझॉइग २.२.२ किंवा त्यापुढची कोणतीही. खालची हद्द होती, वरची नव्हती. ३० सप्टेंबर २०२३ला वर्कझॉइग ३.० निघाली. फ्लास्क २.२ला लागणारे एक जुने फंक्शन तीतून काढून टाकले होते. तशी आगाऊ सूचना २.३ मध्ये दिलेली होती. पण बँकेतल्या फळ्यावरच्या सूचना तरी कोण वाचत असे? जुन्या यंत्रावर जुनी वर्कझॉइग होती, म्हणून चालत होते. नव्याने सर्वांत ताजी ओढून आणली. गंमत म्हणजे दोन्ही संच एकाच 'पॅलेट्स' गटाचे!

कर्ज देताना आम्ही जामीनदार तपासायचो. जामीनदाराचा जामीनदार कोणी तपासला नाही.

भाच्याने एक ओळ घातली, 'वर्कझॉइग ३च्या खालची', आणि काटा सुरू झाला. मी म्हटले, "अरे, चालणाऱ्या आकड्यालाच कायमचा खिळा ठोक ना!" तो नको म्हणाला. ते पुढे पटले. त्याच ऑक्टोबरात वर्कझॉइगमध्ये एक भोक उघड झाले : मुद्दाम रचलेली फाइल पाठवून सर्व्हर दमवता येत होता. दुरुस्ती ३.०.१ मध्ये आली, मग जुन्या मालिकेसाठी २.३.८ मध्ये. त्याच्या ओळीतून २.३.८ आत येऊ शकली; माझ्या खिळ्याने तीही अडवली असती.

मग संच लिहिणाऱ्यांनीच वरची हद्द का घालू नये? पायथनच्या एका घरात एका संचाची एकच आवृत्ती नांदते. एकाला ३च्या खालची हवी, दुसऱ्याला ३च्या पुढची, की बसवणारा हात जोडतो. म्हणून संचवाले बहुधा वरचे दार मोकळे ठेवतात, आणि शेवटचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने आतल्या आतल्या सगळ्या आवृत्त्यांची यादी नेमकी नोंदवून ठेवावी, अशी रीत आहे. भाच्याचे चुकले ते इथे. मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्टचा हिशेब निराळा. तिची १५वी आवृत्ती फ्रॅपे चौकटीच्या १५व्या मालिकेवरच चालते. घरातल्या घरात आखलेली ही हद्द मला तरी योग्य वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात जिन थंडावले तेव्हा भाचा फ्लास्क ३वर गेला. ती ओळ त्याने काढली, पूर्ण यादी नोंदवली. चार दिवस लागले. जिनवाल्याने बिल पाहून विचारले, "नवीन काय केलं?"

"काही नाही," भाचा म्हणाला.